रिचार्जेबल पेन्सिल सेलची खरी क्षमता घरी कशी मोजावी?

माळवेकर (रामबाग, इंदूर):
सप्रेम नमस्कार. वडिलांच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रासाठी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे चार पेन्सिल सेल घेतले होते. त्यांवर २१०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) असे छापलेले आहे. चार्ज झाल्यावर मल्टीमीटर प्रत्येक सेलला १.३८ व्होल्ट दाखवतो, तरीही दंडावरचा पट्टा अर्धा फुगतो न फुगतो तोच यंत्र बंद पडते. दोष सेलचा की यंत्राचा, हे घरच्या घरी ठरवता येईल का?

सुदामानगरकर:
नुसता मीटर टेकवून मिळालेल्या आकड्यावर विसंबू नये. त्या वेळी सेलमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नसतो, त्यामुळे पार थकलेला सेलही १.३ व्होल्टच्या वर आरामात दिसतो. पंप सुरू होऊन काहीशे मिलिअँपिअर एकदम मागितले गेले, की अंतर्गत रोध (आतूनच प्रवाहाला होणारा विरोध) वाढलेल्या सेलचे व्होल्टेज तिथेच कोसळते.

इंदूरच्या महाराणी रोडवर ३ ओहम, २ वॉटचा रोधक (रेझिस्टर) किरकोळ किमतीत मिळेल. तो सेलला जोडून मिनिटभराने व्होल्टेज पाहावे. १.३८ वरून १.३२ च्या आसपास स्थिरावले तर सेल सुदृढ आहे, १.२ च्याही खाली गेले तर तो या यंत्राच्या कामाचा राहिलेला नाही. मीटरच्या पिना मात्र थेट सेलच्या टोकांवर टेकवाव्यात, कारण स्वस्त होल्डरच्या गंजक्या स्प्रिंगाच पुष्कळ व्होल्टेज खातात आणि दोष बिचाऱ्या सेलच्या माथी बसतो.

क्षमता मोजण्यासाठी आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६१९५१-२ या मानकातील पद्धत अशी आहे: क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने १६ तास चार्जिंग, किमान तासभर विश्रांती आणि मग एक पंचमांश प्रवाहाने १.० व्होल्टपर्यंत डिस्चार्ज. आपल्या सेलसाठी डिस्चार्जचा प्रवाह ४२० मिलिअँपिअर येतो, आणि ३ ओहमचा रोधक १.२ व्होल्टला ४०० घेतो, म्हणजे घरगुती हिशेबाला तो पुरेसा आहे. सेल चार तास टिकला तर सुमारे १६०० एमएएच समजावेत. १.० व्होल्टला रोधक काढलाच पाहिजे; रात्रभर तसाच ठेवल्यास चांगला सेलही खराब होऊ शकतो.

जुना रेडिओवाला:
वरील पद्धत योग्य आहे. फक्त चारही सेलांवर क्रमांक घालून प्रत्येक सेल वेगळा मोजावा. एकापाठोपाठ जोडलेल्या सेलांत सर्वांत अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्यामुळे तो उलटा चार्ज होतो. शिवाय मानकातली चाचणी २० अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी सेल पूर्ण चार्जच होत नाही, म्हणून हे काम शक्य तितक्या थंड जागी करावे.

माळवेकर:
आभारी आहे. क्रमांक तीनचा सेल रोधक लावताच १.१२ वर आला, बाकीचे १.३० च्या वर आहेत. आता त्याच्या जागी २७०० एमएएचचा घ्यावा का?

सुदामानगरकर:
नको. असमान क्षमतेचा सेल मिसळला की तोच ताण पुन्हा येईल, तेव्हा चारही नवे घ्यावेत. जास्त आकड्याचे सेल बहुधा पडून असतानाच लवकर उतरतात, आणि रक्तदाबाचे यंत्र दिवसातून दोन मिनिटे चालते. २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने बाजारात आणले तसे, स्वतःहून हळू उतरणारे २००० एमएएचचे सेल इथे अधिक उपयोगी पडतील. उरलेले तिघे भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये निश्चिंतपणे वापरावेत.