मदत हवी आहे: मॅट्रिक आणि दहावीचे निकाल एकाच तक्त्यात कसे मांडावेत?

मंडळी, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलवर एक लेख लिहायला घेतलाय. इतिहासाचा भाग सरळ आहे: १ जानेवारी १८८० ला चिपळूणकर, टिळक वगैरे मंडळींनी शाळा काढली, पुढच्या वर्षी आगरकर आले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ ला फर्ग्युसन. गाडी अडलीये निकालांवर.

सुरुवातीची मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. म्हणजे शाळा संपल्याचा दाखला कमी आणि कॉलेजच्या दाराची किल्ली जास्त. नंतर एसएससी आली, तीही अकरावीला. दहावीला परीक्षा यायला १९७५ उजाडलं. आता या सगळ्यांची 'उत्तीर्ण टक्केवारी' एकाच तक्त्यात घातली तर आजची पोरं सगळी हुशार आणि टिळकांच्या वर्गातली ढ ठरतील! आमच्या आजोबांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट घडीवर इतकं विरलंय की 'पास' एवढंच धड वाचता येतं, पण त्या एका शब्दावर त्यांची नोकरी लागली होती.

तर विचारायचं असं, की त्या-त्या वर्षी पूर्ण परीक्षेचा निकाल किती आणि शाळेचा किती, एवढाच फरक दाखवला तर चालेल का? की परीक्षेला किती मुलं बसवली हेही हवंच? चाचणीत गाळून कच्ची मुलं घरी बसवायची युक्ती काही आजची नाही. शिवाय विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं (म्हणजे दरवर्षीची माहितीपुस्तकं) कुणी स्वतः चाळली आहेत का? त्यात शाळावार आकडे मिळतात का, तेवढं सांगा.