राखाडी भिंत दिवे लागले की निळी दिसते: रंग बदलू की दिवे?

ओसरी:
हॉल ४ बाय ३.६ मीटर. खिडकी एकच, तिच्यातून थेट ऊन येत नाही. चारही भिंतींना फिकट राखाडी मॅट इमल्शन आहे, जमिनीवर पांढऱ्या टाइल्स, आणि सागवानी सोफा व टीपॉय लालसर तपकिरी पॉलिशचे. शेडकार्डवर हा राखाडी उबदार वाटला होता. भिंतीवर तो दिवसाही जरा थंड दिसतो आणि दिवे लावले की चक्क निळा. सोफा त्याच वेळी मळकट दिसू लागतो. छतात सहा डाउनलाइट आहेत, सगळे ६५०० केल्विनचे, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचे. लाकडाचा रंग मला मनापासून आवडतो, त्याला हात लावायचा नाही. बाकी काहीही बदलायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

दिवेलागण:
रंगाऱ्याला इतक्यात बोलावू नका, आधी दिवे बदला. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर; ६५०० केल्विनच्या प्रकाशात निळा भाग जास्त असतो. राखाडीत निळ्याचा थोडा अंश असला तर तो या दिव्यांखाली वर येतो आणि लाकडातला लाल-नारिंगी दबतो. म्हणजे भिंत आणि सोफा, दोन्ही तक्रारींचं कारण एकच आहे.

बैठकीच्या खोलीसाठी २७०० ते ३००० केल्विन घ्या. पण तेवढ्याने भागत नाही. खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, तो ९० किंवा वर हवा. ८० वाले दिवे सर्रास मिळतात आणि त्यांच्यात नेमका गडद लाल रंग कच्चा असतो. तो आर-९ या वेगळ्या आकड्याने मोजतात, पण सीआरआयच्या सरासरीत तो धरलेलाच नसतो. सागवानासाठी आर-९ किमान ५० असेल असा दिवा शोधा. फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

प्रमाण असं: खोली १४.४ चौरस मीटर. सर्वसाधारण उजेडाला १५० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला १५० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप), धरले तर २१६० ल्युमेन होतात. भिंती, छत आणि शेड बराच प्रकाश गिळतात, म्हणून एकूण साडेतीन हजारांच्या आसपास ल्युमेन ठेवा. ते सगळे छतातून टाकू नका. निम्मे वरून, उरलेले कापडी शेडच्या एका उभ्या दिव्यातून आणि सोफ्याच्या कोपऱ्यातल्या टेबललॅम्पमधून येऊ द्या. एका खोलीत एकाच केल्विनचे दिवे ठेवा. ३००० आणि ६५०० मिसळले की एकच भिंत दोन रंगांची दिसते.

कुंचला:
दिव्यांबद्दल सहमत. पण ऊन न येणाऱ्या खिडकीतून आकाशाचा निळसर उजेडच आत येतो, त्यामुळे दिवसाचा थंडपणा दिवे बदलून जाणार नाही. तो रंगातच सोडवावा लागेल.

शिवाय लाकूड स्वतःच भिंतीला निळं करतंय. नारिंगी-तपकिरीच्या शेजारी ठेवलेला तटस्थ राखाडी डोळ्याला निळसर भासतो. पॅरिसच्या गोबेलिन विणकारखान्यात रंगाईचं काम पाहणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे काळा धागा फिका पडल्याच्या तक्रारी यायच्या. धागा चांगलाच होता, शेजारचे रंग त्याला बिघडवत होते. १८३९ मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला. म्हणून या लाकडामागे शुद्ध राखाडी नको. पिवळ्या किंवा तांबूस झाकेचा राखाडी, उंटाच्या रंगाकडे झुकणारा, घ्या. राखाडीत कुठली झाक आहे हे ओळखायला शेडकार्डचा तुकडा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि शेजारी त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा धरा. गडद छटेत झाक लपत नाही.

नमुना भिंतीवर थापू नका. जुना रंग भोवती असतो म्हणून डोळा फसतो, आणि पॅचच्या कडेचा उंचवटा शेवटच्या हातानंतरही दिसत राहतो. ए-३ पुठ्ठ्याला प्रायमर द्या, कडेने ३ सेंटिमीटर पांढरी पट्टी सोडून रंगाचे दोन हात मारा, मध्ये डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ वाळू द्या. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, ओल्यावर निर्णय नको. पुठ्ठा सोफ्यामागे उभाच ठेवा, आडव्यावर उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि नवे दिवे लावून बघा. जुन्या ६५०० खाली निवडलेला रंग नंतर पिवळट वाटेल.

सुतारपक्षी:
पांढऱ्या टाइल्सकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. खिडकीतला निळसर उजेड जमिनीवर पडून खालून भिंतीवर चढतो. उबदार रंगाचा गालिचा तो अडवतो, फक्त तो पुरेसा मोठा हवा. लहान गालिचा टीपॉयखाली तरंगल्यासारखा दिसतो आणि खोली आणखी लहान वाटते. सोफा २.१ मीटर असेल तर गालिचा २.४ ते २.५ लांब. रुंदीचा हिशोब करा: सोफ्याचे पुढचे पाय २० सेंटिमीटर आत, मग टीपॉयपर्यंत ४०-४५ मोकळे, टीपॉय ६०, पलीकडे ४०. म्हणजे १६५ च्या आसपास. रंग विटकरी किंवा मोहरी चालेल, पण हुबेहूब लाकडाचा नको, नाहीतर सोफ्याचे पाय गालिच्यात हरवतात.

पडद्यांनीही बरंच साधतं. दांडी चौकटीच्या १५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना २० जास्त, म्हणजे उघडा पडदा काच झाकत नाही. खिडकी १५० असेल तर दांडी १९०, आणि चुण्यांसाठी कापड दुप्पट, ३८०. कापडाचा पन्हा १३७ चा असेल तर तीन पन्हे लागतील, प्रत्येक पडद्याला दीड. अर्धा पन्हा भिंतीकडच्या बाजूला जोडा, शिवण दिसणार नाही. सुती कापड आधी धुऊन मगच बेतायचं. ते आटलं तर २४० चा पडदा सहज ८-१० सेंटिमीटर वर जातो.

एक मतभेद: २७०० नको, ३००० वरच थांबा. लालसर पॉलिशवर २७०० पडला की लाकूड भगवं दिसतं.

ओसरी:
तिघांचेही आभार. दोन शंका. डाउनलाइटला जुना डिमर आहे, त्यावर नवीन एलईडी चालतील का? आणि उजेड भिंतीवर टाकला तर पुट्टीच्या लाटा दिसतील, अशी भीती आहे.

दिवेलागण:
जुना डिमर साध्या बल्बसाठीचा असेल तर त्याला ठराविक किमान भार लागतो. सहा एलईडी मिळून तेवढा भार होत नाही, मग दिवे लुकलुकतात किंवा बंद केल्यावरही मंद जळत राहतात. डिमर ट्रेलिंग-एज प्रकारचा, म्हणजे एलईडीच्या कमी भारावरही चालणारा, बसवून घ्या आणि दिव्याच्या खोक्यावर डिमेबल लिहिलेलं तपासा, दोन्ही जुळायला हवेत. आधी एकच दिवा लावून मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. ठळक पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा परत करा.

लाटांचं कारण भिंतीला घासून जाणारा उजेड. दिवा भिंतीपासून १५-२० सेंटिमीटरवर असला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. ७५ ते ९० वर असला तर सावल्या विरतात. तुमचे डाउनलाइट हलवता येत नसतील तर भिंतीलगतचे दोन वळवता येणाऱ्या प्रकारचे घ्या, ३६ अंशांच्या झोताचे, आणि तोंड सोफ्याकडे करा. रंग मॅटच ठेवा, सॅटिनमध्ये लाटा दुप्पट उठून दिसतात.

कुंचला:
भिंतीला नवा रंग द्यायचाच झाला तर पुट्टी घासताना टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा, लाटा तेव्हाच सापडतात. प्रायमरनंतर एकदा पुन्हा तसंच बघून घ्या.