सयाजी शिंदे फक्त खलनायक?

'शूल' या हिंदी चित्रपटातला खलनायक बच्चू यादव सोडला तर अभिनेते सयाजी शिंदेंनी लक्षात राहावं असं केलंय काय, असं कुणीतरी विचारलंय. अजिबात पटलं नाही. २००० साली 'भारती' या तमिळ चित्रपटात त्यांनी महाकवी सुब्रह्मण्य भारतींची मुख्य भूमिका केली. साताऱ्याकडच्या वेळे-कामथीतल्या शेतकऱ्याच्या पोराला तमिळ प्रेक्षकांनी आपला लाडका कवी म्हणून पाहिलं, ही केवढी गोष्ट आहे!

आणि सह्याद्री देवराईचं, म्हणजे त्यांच्या झाडं लावण्याच्या चळवळीचं, नाव कुणीच कसं काढलं नाही? त्यांचं बघूनच आम्ही चौघांनी गावच्या माळावर वडाची रोपं लावली. उन्हाळ्यात कॅनने पाणी ओतलं की तापलेला मुरूम चर्र वाजतो, आणि आळ्यात पालापाचोळा घातला नाही तर संध्याकाळी पुन्हा कोरडं ठणठणीत. अकरापैकी सात जगलीत.