मदत हवी आहे: पिकअप दोन इंच उचलल्यापासून रिकामी असताना थरथरते

बागवाला_राजापूर:
नमस्कार मंडळी. गाडी डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा. बाग सड्यापलीकडे, शेवटचा दीड किलोमीटर कातळ आणि एक व्हाळ (ओढा). पेट्या भरल्या की खालून घासायची, म्हणून दिवाळीनंतर दोन इंच उचलून घेतली. पुढे स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा), मागे लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणारी कडी).

कातळावर आता कुठे टेकत नाही. पण हायवेला रिकामी गाडी ५५ ते ७० मध्ये सीटखालून घुमते, स्टेअरिंग शांत. त्याच वेगात न्यूट्रल केली तरी घुमणं तसंच. पहिल्या गिअरला उचलताना वेगळाच थरकाप होतो. पंचवीस पेट्या टाकल्या की जवळपास सगळं थांबतं!

व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं. ज्यांनी उचलली ते म्हणतात, पाट्याखाली ३ डिग्रीची पाचर घालून डिफरन्शियलचं नाक (मागच्या ॲक्सलचं शाफ्ट जोडलेलं पुढचं टोक) वर करू. आमचा मेस्त्री म्हणतो सेंटर बेअरिंग (शाफ्टच्या दोन तुकड्यांमधला आधार) खाली घ्या. मार्चपासून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरच्या फेऱ्या आहेत. कुणाचं ऐकू?

जांभा_खाण:
दादा, पाचर थांबवा, आधी मापं घ्या. सपाट लादीवर, चाकं जमिनीवर. जॅकवर घेतली तर हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) लोंबतं आणि कोन खोटे येतात. गिअरबॉक्स, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, पिनियन (डिफरन्शियलच्या नाकातला दांडा, ज्याला शाफ्ट जोडतो), चारही ठिकाणचा उतार लिहा. सेंटर बेअरिंगचं रबर हाताने हलवून बघा.

बागवाला_राजापूर:
मोबाईलचं लेव्हल ॲप टेकवून घेतली. सगळे उतार मागच्या बाजूला: गिअरबॉक्स ३, पुढचा शाफ्ट ३, मागचा ८.५, पिनियन ५. रबर शाबूत आहे.

जांभा_खाण:
मग दुखणं इथेच आहे. क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) वाकड्या कोनात फिरला की शाफ्टची गती एका फेऱ्यात दोनदा जलद-मंद होते. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असेल तर ते फिटतं. तुमच्याकडे मधल्या क्रॉसला ८.५ वजा ३ म्हणजे ५.५, पिनियनला ८.५ वजा ५ म्हणजे ३.५. दोन डिग्रीचा फरक, त्यात मधला कोन फार मोठा. उचलताना होणारा थरकापही बहुतेक त्यामुळेच. माल भरला की मागची बाजू बसते, शाफ्ट सरळ होतो, म्हणून तेव्हा शांत.

लांब शॅकलने पिनियनचं नाक आधीच वर गेलंय. पाचरीने अजून ३ डिग्री वर केलंत तर पिनियनचा कोन अर्ध्या डिग्रीवर येईल आणि फरक पाचवर जाईल. शिवाय जवळजवळ सरळ फिरणाऱ्या क्रॉसच्या सुया (बेअरिंगच्या बारीक दांड्या) एकाच जागी दाबून खड्डे पाडतात. मेस्त्री बरोबर सांगतोय. सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये १० ते १२ मिलीमीटरचे स्पेसर, बोल्ट तेवढे लांब. स्लिप जॉइंटची (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) खाचांतली पकड किती उरलीय तेही बघा, उचलल्यावर तो बाहेर सरकतो.

देवगडचो_झील:
शाफ्टाबरोबर एक गोष्ट विसरू नका. मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याची दांडी तपासा. मागून उचललेली गाडी त्याला सतत रिकामी वाटते, भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. घाटात हे चालणार नाही. ब्रेकचा होज ताणलाय का तेही बघा.

बागवाला_राजापूर:
काल मेस्त्रीकडे १२ मिलीमीटरचे स्पेसर टाकले. आता पुढचा शाफ्ट ४, मागचा ७.७. म्हणजे मधला कोन ३.७, पिनियनचा २.७, गिअरबॉक्सला १. रिकामी गाडी घेऊन ओणीपर्यंत गेलो. उचलतानाचा थरकाप पूर्ण गेला. घुमणं ६५ च्या आसपास किंचित जाणवतं, आधी आरशातलं चित्र फुटायचं, आता नाही. व्हॉल्व्हची दांडी खरोखरच पार सैल पडली होती, तीही बसवून घेतली. उरलेल्या एका डिग्रीसाठी उलट्या बाजूने १ डिग्रीची पाचर घालावी का? पाटे हाउसिंगच्या वर आहेत.

जांभा_खाण:
एक डिग्रीचा फरक चालतो, आत्ता राहू दे. क्रॉसना ग्रीस मारा, पाचशे किलोमीटरने स्पेसरचे बोल्ट आवळा. तरीही घुमली तर शाफ्ट काढून बॅलन्स करायला द्या. पाचरच घालायची झाली तर जाड बाजू पुढे, म्हणजे नाक खाली येईल.