एका वर्षात दोन क्लेम झाले, आता कारचा इन्शुरन्स खूप वाढवून सांगतायत, काय करावं?

नाशिककर_८४
नमस्कार मंडळी, माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार वर्षं जुनी. गेल्या वर्षात दोन क्लेम झाले. एकदा घोटीजवळ ट्रकने मागून ठोकलं, डिकी पार आत गेली, आणि नंतर धाकट्या भावाकडून सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला घासून दरवाजा गेला. आता रिन्यूअलचा आकडा मागच्या वर्षीच्या जवळपास दुप्पट आलाय आणि झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाचे पैसे, म्हणजे घसारा, न कापता क्लेम देणारं कव्हर) द्यायला नाही म्हणतायत. एजंट म्हणतो तुमची फाइल रिस्की झाली, एकतर नुसतं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता विमा) घ्या नाहीतर कंपनी बदलून फॉर्मवर एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, नो क्लेम बोनस) ३५ टक्के टाकून देऊ, कोण बघतंय. दुसऱ्या कंपनीने इन्शुरन्सच नाकारला तर काय ही भीती आहे. आणि ट्रकवाल्याची चूक असताना माझा बोनस का गेला हेही कळत नाही. पॉलिसी याच महिन्यात संपतेय, कुणी नीट सांगेल का?

सर्व्हेअर_काका
सगळ्यात आधी एक सांगतो, तो ३५ टक्केवाला सल्ला अजिबात ऐकू नका. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून एनसीबी कन्फर्म करून घेते, आणि फॉर्मवर तुमच्या सहीखाली स्पष्ट लिहिलेलं असतं की हे खोटं निघालं तर गाडीच्या नुकसानीचे सगळे फायदे जप्त. म्हणजे चारपाच हजार वाचवायला जाल आणि उद्या मोठा अॅक्सिडेंट झाला तर दीडदोन लाखाचं बिल स्वतःच्या खिशातून. एजंटचं काही जात नाही, सही तुमची असते.

आता रिन्यूअल नोटीस हातात घ्या, त्यात दोन वेगळे भाग दिसतील. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, १००० ते १५०० सीसीच्या कारला वर्षाचा दर १ जून २०२२ च्या यादीत ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. तुमचे दोन क्लेम असोत की दहा, या आकड्यावर काही फरक पडत नाही आणि थर्ड पार्टी द्यायला कंपनी नाही म्हणू शकत नाही. वाढलंय ते ओडीमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. तिथे २००७ पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे म्हणून प्रत्येकाचं लोडिंग, म्हणजे क्लेममुळे लावलेली वाढ, वेगळं. त्यामुळे चारपाच ठिकाणचे कोटेशन काढा, फरक बघून आश्चर्य वाटेल. फक्त सगळीकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, सारखीच ठेवा, काही जण आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवतात आणि गाडी चोरीला गेली की तेव्हा कळतं.

ट्रकवाल्याचं म्हणाल तर आपल्याकडे चूक कुणाची हे बघून एनसीबी ठरत नाही. तुमच्या पॉलिसीतून ओडी क्लेम घेतलात की बोनस शून्य. हे अन्यायाचं आहे असं माझंही मत आहे, पण नियम असाच आहे. यासाठी क्लेम घेतला तरी बोनस टिकवणारं एनसीबी प्रोटेक्ट नावाचं अॅड-ऑन मिळतं, पुढे बोनस परत जमला की ते जरूर घ्या.

मृण्मयी_पुणे
काकांना अनुमोदन. मी एवढंच सांगेन की छोटे क्लेम करायचे थांबवा, लोक हिशोबच करत नाहीत. समजा प्लास्टिकचा बंपर ६,००० चा आहे, झिरो डेप नसेल तर प्लास्टिकला ५० टक्के घसारा म्हणजे राहिले ३,०००, त्यातून दर क्लेमला मालकाने भरायचे सक्तीचे, तुमच्या गाडीला १,००० वजा, हातात आले २,०००. आणि ओडी १२,००० असेल, एनसीबी ३५ टक्के असेल तर पुढच्या रिन्यूअलला गेले ४,२००. शिवाय बोनसला परत पहिल्यापासून चढायचं, दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असं, पाच वर्षं लागतात वर जायला.

आता प्रीमियम खाली आणायचा तर व्हॉलंटरी डिडक्टिबल विचारा, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये ठरलेली जास्तीची रक्कम आपण भरायची, २,५०० पासून १५,००० पर्यंत स्लॅब असतात. गाडी कमी चालत असेल तर किलोमीटरवर प्रीमियम असलेला प्लॅनही बघा, २०२२ पासून मिळतो. आणि लोन चालू असेल तर नुसतं थर्ड पार्टी बँकेलाच चालत नाही, ते आधी तपासा.

वकील_साहेबराव
भावाचं लायसन्स पक्कं आहे ना? लर्निंग असेल तर शेजारी पक्कं लायसन्सवाला बसलेला पाहिजे आणि एल लावलेला पाहिजे, नाहीतर गाडीचा क्लेम नाकारतात. दारू पिऊन चालवली तरी तेच. आणि त्यात कुणी मेलं किंवा जखमी झालं तर बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतं आणि मग कंपनी तेच पैसे मालकाकडून वसूल करते. माझ्यासमोर लोकांची शेती गेली आहे यात, कळकळीने सांगतोय. प्रीमियम महाग वाटला म्हणून पॉलिसी लॅप्स तर मुळीच होऊ देऊ नका, विनाविमा पकडलं तर पहिल्यांदा २,००० दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण खरा धोका दंडाचा नाही, त्या दिवशी एखादा माणूस गाडीखाली आला तर लाखांची भरपाई थेट तुमच्यावर.

नाशिककर_८४
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाचं लायसन्स पक्कं आहे, लोनही फिटलंय. आज तीन कोटेशन काढले, आयडीव्ही सारखी ठेवून, एनसीबी शून्यच लिहून. एकाने ५,००० व्हॉलंटरीवर बराच कमी आकडा दिला आणि झिरो डेपही देतोय, गाडी बघायला माणूस पाठवतो म्हणाला. काका, इन्स्पेक्शनच्या वेळी आधीचे ओरखडे दिसले तर अडचण येते का?

सर्व्हेअर_काका
अडचण नाही, ते फोटोत नोंदवून घेतात आणि पुढे त्या भागाचा क्लेम देत नाहीत, एवढंच. पण गाडी धुऊन ठेवा आणि इन्स्पेक्शन रिपोर्टची कॉपी मागून घ्या. आणि सध्याची पॉलिसी संपायच्या आत पैसे भरा, शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका.