केशवानंद भारती निकालातलं न्या. खन्नांचं मत समजून घ्यायला मदत हवी आहे

नमस्कार. एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घटनाकायदा शिकवणाऱ्या मॅडम फार कडक आहेत, गाइडमधलं उत्तर त्यांना अजिबात चालत नाही. मूळ निकालपत्र वाचून यायचं आणि कोणत्या न्यायमूर्तींनी नेमकं काय म्हटलं ते वर्गात उभं राहून सांगायचं. पद्धत मला मनापासून पटते, म्हणूनच नीट शिकायचंय.

केशवानंद भारती (१९७३) हा सर्वोच्च न्यायालयाच्या १३ न्यायमूर्तींचा, ७ विरुद्ध ६ असा निकाल. संसद घटनादुरुस्ती करू शकते, पण घटनेच्या मूलभूत संरचनेला, म्हणजे तिच्या मूळ चौकटीला, धक्का लावू शकत नाही, इथवर कळतं. अडतंय त्या सातांपैकी एक असलेल्या न्या. खन्नांपाशी. तेव्हा मूलभूत हक्क असलेला मालमत्तेचा हक्क त्या संरचनेत येत नाही, असं ते म्हणतात. मग बाकीच्या मूलभूत हक्कांचं काय? १९७५ च्या इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण निकालात त्यांनीच खुलासा केला, की मूलभूत हक्क संरचनेबाहेर आहेत असं आपण म्हटलं नव्हतं. मॅडमचा प्रश्न असा: हा खुलासा बाजूला ठेवला, तर १९७३ च्या मजकुरातून तोच अर्थ निघतो का?

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालंय, इंग्रजी निकालपत्र वाचायला वेळ लागतो. खन्नांच्या मतातला कोणता भाग आधी वाचू? मूलभूत संरचनेवरचाच नंतरचा मिनर्व्हा मिल्स (१९८०) निकाल आधी वाचलेला बरा का? वकील आणि सीनियर मंडळींनी कृपया सांगावं.