एन-एट-एनमधील वर्कफ्लोंचा बॅकअप आपोआप घेऊन काम सहकाऱ्यांकडे कसे सोपवावे?

प्रश्न

आमच्या कार्यालयातील सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी प्रणाली) एन-एट-एन (n8n) हे कामे आपोआप करून घेणारे सॉफ्टवेअर चालते. मेलवर आलेली खरेदीची बिले उचलून गूगल शीटमध्ये नोंदवणे, थकबाकीदारांना स्मरणपत्रे पाठवणे, रोज सकाळी नऊला साठ्याचा अहवाल काढणे अशी कामे त्यावर होतात आणि हे सगळे वर्कफ्लो, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या साखळ्या, मीच तयार केलेले आहेत. पुढील महिन्यात माझी दुसऱ्या विभागात बदली होत असून हे काम दोन सहकाऱ्यांकडे जाणार आहे. दोघेही एक्सेलमध्ये तरबेज आहेत, मात्र लिनक्सच्या टर्मिनलशी त्यांचा फारसा संबंध आलेला नाही. सध्या मी अधूनमधून एकेक वर्कफ्लो डाउनलोड करून सामायिक ड्राइव्हवर ठेवतो. बॅकअप रोज आपोआप निघावा आणि सर्व्हर बंद पडला तरी मला फोन न करता त्यांना सर्व काही पुन्हा उभे करता यावे, अशी अपेक्षा आहे. त्यासाठी वर्कफ्लोच्या जेसन फाइली (डाउनलोड केल्यावर मिळणाऱ्या मजकुरी फाइली) पुरेशा ठरतील का?

प्रतिसाद १

पुरेशा ठरणार नाहीत. वर्कफ्लोच्या जेसनमध्ये क्रेडेन्शियलचे (मेल, शीट अशा सेवांशी जोडणाऱ्या लॉगिन तपशिलांचे) फक्त नाव आणि क्रमांक असतो. पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डऐवजी वापरला जाणारा गुप्त संकेत) त्यात येत नाही. क्रेडेन्शियल वेगळी निर्यात करावी लागतात. एन-एट-एनच्या कमांड लाइनवर वर्कफ्लो आणि क्रेडेन्शियल या दोन्हींसाठी निर्यातीची स्वतंत्र आज्ञा आहे आणि दोन्हींना 'बॅकअप' हा पर्याय जोडला की प्रत्येक नोंदीची वेगळी, वाचता येण्याजोगी फाइल तयार होते.

खरी गोम एन्क्रिप्शन कीमध्ये, म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीमध्ये, आहे. निर्यात झालेली क्रेडेन्शियल याच कीने कुलूपबंद असतात. आपण ही की स्वतः ठरवून दिली नसेल, तर पहिल्यांदा सुरू होताना एन-एट-एन ती आपणच तयार करून 'डॉट एन-एट-एन' या फोल्डरातील कॉन्फिग फाइलमध्ये ठेवते. ती हरवली, तर क्रेडेन्शियलचा बॅकअप असून नसल्यासारखाच. क्रेडेन्शियल उघड्या स्वरूपात निर्यात करण्याचीही सोय आहे, पण तसली फाइल सामायिक ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे तिजोरीची चावी नोटीस बोर्डावर टांगणे होय. एन्क्रिप्शन की कार्यालयाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, बॅकअपपासून दूर, आणि दोन्ही सहकाऱ्यांना मिळेल अशा ठिकाणी ठेवावी.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. वेळापत्रकाबद्दल थोडे सांगतो. बॅकअप घेणारा वर्कफ्लो एन-एट-एनमध्येच बांधण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो दिसायला सुबकही असतो. परंतु एन-एट-एन बंद पडले की त्याच्यासोबत बॅकअपही गुपचूप थांबतो. त्यामुळे सर्व्हरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) रात्री कंटेनरमध्ये निर्यातीची आज्ञा चालवावी आणि आलेल्या फाइली खासगी गिट रेपॉझिटरीत (फाइलींतील प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारे भांडार) पाठवाव्यात, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

यात तीन बारकावे आहेत. फाइलीला वर्कफ्लोचे नाव मिळत नाही, त्याचा क्रमांक मिळतो. म्हणून कोणती फाइल कशाची हे सांगणारी यादी स्क्रिप्टनेच तयार करून सोबत ठेवावी, अन्यथा एक्सेलमधल्या माणसाला त्या फोल्डरातून काहीच बोध होणार नाही. दुसरे असे की, काढून टाकलेल्या वर्कफ्लोची जुनी फाइल आपोआप पुसली जात नाही. निर्यातीपूर्वी फोल्डर रिकामे करावे, इतिहास गिटमध्ये राहतोच. तिसरी बाब अधिक नाजूक आहे. चाचणीसाठी नोडवर (वर्कफ्लोच्या एखाद्या पायरीवर) पिन केलेला, म्हणजे धरून ठेवलेला, डेटा वर्कफ्लोच्या जेसनमध्येच साठतो. आपल्या थकबाकीच्या वर्कफ्लोत ग्राहकांची खरी नावे आणि रकमा पिन करून ठेवल्या असतील, तर त्या रेपॉझिटरीत जातील आणि तिथल्या इतिहासातून काढणे जिकिरीचे होईल. एचटीटीपी नोडच्या (इतर सेवांना वेबवरून विनंती पाठवणारी पायरी) हेडरमध्ये थेट चिकटवलेल्या टोकनचेही तसेच. पहिल्या निर्यातीपूर्वी ही साफसफाई करून घ्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. गूगल शीट आणि मेल ही दोन्ही क्रेडेन्शियल माझ्या कार्यालयीन खात्यातून जोडलेली आहेत. बदलीनंतर खाते चालूच राहणार असल्याने ती तशीच ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद ३

तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण ठेवू नयेत. आपल्या नव्या विभागात खात्याच्या परवानग्या बदलल्या, की बिलांची नोंद थांबेल आणि कारण शोधण्यासाठी फोन आपल्यालाच येईल. विभागाच्या नावाचे स्वतंत्र खाते घेऊन त्यातून क्रेडेन्शियल पुन्हा जोडावीत, आणि ते जोडण्याचे काम सहकाऱ्यांच्या हातून करून घ्यावे. गूगलच्या कन्सोलमध्ये नवे ओऑथ ॲप (पासवर्ड न देता खात्यात प्रवेश देणारी जोडणी) बाह्य वापरकर्त्यांसाठी तयार करून 'टेस्टिंग' अवस्थेत ठेवले, तर रिफ्रेश टोकन (हा प्रवेश चालू ठेवणारा संकेत) 7 दिवसांत संपते. आठवड्याने सगळे अचानक बंद पडते ते बहुधा यामुळे.

बॅकअपमध्ये आणखी एक वस्तू हवी, ती म्हणजे डॉकर कंपोजची फाइल (कंटेनर कसा सुरू करायचा हे सांगणारी) आणि पर्यावरण चलांची (सुरू होताना दिल्या जाणाऱ्या सेटिंगांची) यादी, अर्थात एन्क्रिप्शन की वगळून. टाइम झोन तिथेच ठरतो. तो दिला नाही, तर एन-एट-एन न्यूयॉर्कची वेळ धरते. नवा सर्व्हर उभारताना ही एक ओळ राहून गेली, तर आपला सकाळी नऊचा साठा-अहवाल उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला निघेल. वर्कफ्लोच्या सेटिंगमध्येही टाइम झोन देता येतो. अशा वर्कफ्लोंत तो लिहून ठेवलेला बरा.

प्रतिसाद १

एक पुरवणी. बदलीपूर्वी सहकाऱ्यांना रिकाम्या यंत्रावर, आपण शेजारी न बसता, केवळ रेपॉझिटरी आणि की यांच्या आधारे सर्व उभे करायला सांगावे. ते जिथे अडतील, तिथे सूचनांमध्ये एक परिच्छेद वाढवावा. कमांड लाइनवरून आयात केलेले वर्कफ्लो सहसा बंद अवस्थेत येतात. तालमीच्या वेळी ते बंदच राहू द्यावेत, नाहीतर दोन्ही यंत्रांवरून थकबाकीदारांना स्मरणपत्रे दोनदा जातील. एखादा वर्कफ्लो चालवून पाहायचाच असेल, तर बिलांचा घ्यावा आणि त्याला चाचणीची वेगळी शीट द्यावी.